हेर ते हजेरी

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात एक फेक साधू आहे आणि तो माझं लई आवडतं पात्र आहे. डोकं भादरलेला नाहीतर जटा वाढवलेला, गावाच्या कडेला मुक्काम, भोवती शिष्यांचा गोतावळा, आणि लोकांना दिसेल असं तो महिन्या-दोन महिन्यांतनं एकदाच मूठभर भाजीपाला नाहीतर जव खाणार. आतल्या अंगाला गुपचूप पाहिजे ते जेवण चालू. मग व्यापाऱ्याचं सोंग घेतलेले दुसरे हेर येऊन त्याच्या पाया पडणार, महाराजांच्या कृपेनं धंद्यात बरकत आली म्हणून बाजारात सांगत सुटणार, आणि साधू भविष्य सांगायला लागणार, की अमक्या ठिकाणी आग लागेल, तमक्याला चोरांपासून धोका आहे, ह्याला राजाकडनं काहीतरी मिळेल. आणि ते मिळायचंच, कारण राजा त्याच खात्याचा साहेब. आगही लागायचीच. कोण लावायचं ते सांगायला नको.

हा ग्रंथ कितीतरी शतकं हरवल्यातच जमा होता, १९०५ साली म्हैसूरच्या लायब्ररीत आर. शामशास्त्रींच्या हाताला ताडपत्रावरची प्रत लागली आणि १९०९ ला छापून आली, तेव्हा कुठं लोकांना कळलं की आपल्याकडं हेरखात्याचं एवढं बारीक मॅन्युअल होतं. त्यात हेर दोन प्रकारचे. एका जागी बसून काम करणारे आणि फिरते. बसणाऱ्यांत विद्यार्थी, शेतकरी, व्यापारी, हे आपले साधूबुवा. फिरत्यांत भिक्षुकी आहे, विष घालणारा आहे, आणि मोठ्या घरांत शिरायला नट, नाचे, गाणारे, कुबडे, बुटके, मुक्या-बहिऱ्याचं आणि आंधळ्याचं सोंग घेतलेले. एकाचा पत्ता दुसऱ्याला नाही. तिघांकडनं एकच बातमी आली तर ती खरी धरायची, आणि ज्याची बातमी सारखी जुळत नाही त्याला गुपचूप शिक्षा. आयुष्य ऑडिटमध्ये गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे वाचून भरूनच येतं.

पण ह्या यादीकडं जरा निवांत बघितलं की एक गोष्ट दिसते. ही सगळी अशी माणसं आहेत की जी दारात आली तर 'तू इथं कशाला आलास' असं कोणी विचारत नाही. भिक्षा मागणारीला, गारुड्याला, नाच-गाणं करणाऱ्याला गावोगाव फिरायचं लायसन्सच असतं म्हणा ना. राजाला नेमकं तेच पाहिजे होतं.

माझी आजी सोलापुरात बाळीवेशीत राहायची, आणि पहाटे पिंगळा, म्हणजे दारोदार भविष्य सांगत भिक्षा मागणारा, येऊन गेला की तिची बडबड सुरू व्हायची. "ह्या घरचं त्या घरी नेतो, त्या घरचं हितं आणतो, आन म्हणं देवानं सांगितलं." पिंगळ्यानं तिच्या माहेरच्या आजारपणाचं अगदी बरोबर सांगितलं होतं एकदा, आणि ते त्याला शेजारच्या काकूंकडनंच कळलं असणार ह्याबद्दल तिला शंभर टक्के खात्री होती. तरी सुपात ज्वारी घालायचीच. त्याच्याकडनं काकूंच्या घरचं काय कळतंय हे तिलाही ऐकायचं असायचं ना.

बरं हे आपल्याकडंच होतं असं नाही. इ.स.पू. १२७४ च्या सुमाराला कादेशच्या लढाईआधी इजिप्तच्या दुसऱ्या रामेसेसला वाटेत दोन भटके टोळीवाले भेटले, म्हणाले तुमचा शत्रू हित्ती राजा तुम्हाला घाबरून लांब हलबच्या, म्हणजे आताच्या अलेप्पोच्या, बाजूला थांबलाय. रामेसेस खूश, थोडकी फौज घेऊन पुढं गेला. मग दोन खरे हित्ती हेर हाताला लागले, त्यांना धरून बडवल्यावर कळलं की अख्खी फौज कादेशच्या मागंच दबा धरून बसलीय आणि ते पहिले दोघं मुद्दाम पाठवलेले होते. राजा कसाबसा वाचला आणि त्यानं घरी जाऊन देवळांच्या भिंतींवर हा सगळा प्रसंग स्वतःचा विजय म्हणून कोरून घेतला, त्या दोघा हेरांना बडवतानाच्या चित्रासकट. राज्यकर्ते तेव्हाही तसेच होते, जाऊ दे.

ह्या फिरत्या मंडळींतला मला सगळ्यात भारी वाटतो तो नैनसिंग रावत. कुमाऊंच्या डोंगरातला शाळामास्तर. तिबेटात गोऱ्या माणसाला बंदी, पण इंग्रजांना नकाशा तर पाहिजे, म्हणून सर्व्हे ऑफ इंडियानं देहरादूनला ह्याला एकसारखी पावलं टाकायला शिकवलं, दोन हजार पावलांचा साधारण एक मैल. हातात जपमाळ दिली, पण १०८ मण्यांची नाही, १०० मण्यांची. शंभर पावलं झाली की एक मणी पुढं. एक माळ संपली म्हणजे दहा हजार पावलं, पाच मैल. प्रार्थनेच्या फिरत्या चाकात मंत्राच्या जागी टिपणांचे कागद. कोणी जवळ आलं की हा जप करायला लागायचा, आणि जप करणाऱ्या माणसाला कोण डिस्टर्ब करतंय? असा तो जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोचला. पुढं लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं त्याला. पंढरपूर आमच्या जिल्ह्यातलंच, आषाढीला लाखो माळा रस्त्यावरनं जातात, तेव्हापासून मला उगीचच वाटत राहतं की कोणाच्या माळेत किती मणी आहेत हे आजवर कोणी मोजलंय का.

आता हे झालं परमुलखातलं काम, म्हणजे शाळेत आपल्याला अभिमानानं शिकवतात ते. पण राज्यांचे डोळे लवकरच घरात वळतात. रोमन सैन्यात धान्य गोळा करणारे लोक होते, फ्रुमेंटारी म्हणायचे, ते सगळीकडं फिरायचे म्हणून त्यांच्याकडनं निरोप जायला लागले, मग बातम्या यायला लागल्या, आणि सम्राट हॅड्रियनच्या काळात ते चक्क त्याच्या मित्रांच्या घरांवर लक्ष ठेवायला लागले. एका बाईनं नवऱ्याला पत्र लिहिलं, की तुम्ही तिथं मौजमजेत आणि हमामखान्यात इतके रमलाय की घरी यायचं नाव नाही. नवरा रजा मागायला सम्राटाकडं गेला तर सम्राटानं त्याला नेमकं हमामखान्यावरनं आणि मौजमजेवरनं झापलं. तो बिचारा म्हणतो, "काय, माझ्या बायकोनं तुम्हालाही तेच लिहून पाठवलंय का?" जुन्या रोमन चरित्रांतला किस्सा आहे, तिखटमीठ लावलेलं असणारच, पण एवढ्या वर्षांनी वाचतानाही हसायला येतं आणि मग अचानक येत नाही.

दिल्लीत अल्लाउद्दीन खिलजीच्या काळातलं इतिहासकार बरनी लिहितो, की दरबारातले मोठेमोठे अमीर महालातसुद्धा मोठ्यानं बोलायला घाबरायचे, हातवाऱ्यांनी बोलायचे, इतके बादशहाचे बातमीदार माजलेले. मोगलांनी तर ह्याची रीतसर यंत्रणा केली. प्रत्येक सुभ्यात वाकियानवीस, म्हणजे उघड बातमी लिहिणारा, सगळ्यांना माहीत असलेला. आणि त्याच्यावर नजर ठेवायला खुफियानवीस, गुपचूप लिहिणारा. वर बातम्या घेऊन फिरणारे हरकारे. मनुची नावाचा इटालियन सांगतो की रात्री नऊच्या सुमाराला ह्या बातम्या बादशहाला महालातल्या बायका वाचून दाखवायच्या. आणि आमच्या लोकांना कितीदा सांगितलं तरी खरं वाटत नाही, पण १६९५ ते १६९९ औरंगजेबाची अख्खी राजधानी, तंबूंची का होईना, आमच्या जिल्ह्यात होती. मंगळवेढ्याच्या अलीकडं माचणूरला भीमेच्या काठावर किल्ला आहे, शेजारीच ब्रह्मपुरी, तिथं. माचणूरला आपण सिद्धेश्वराच्या दर्शनाला जातो, घाटावर बसतो, भजी खातो, आणि त्याच काठावर कधीकाळी काबूलपासून बंगालपर्यंतच्या चुगल्या येऊन पडत होत्या. उलट्या बाजूनं राजपूत राजांचे वकीलही छावणीत बसून आपापल्या मालकांना बादशहाच्या दरबारातली रोजची खबर लिहून पाठवायचे. दोन्हीकडनं लिखाण जोरात. एवढी माहिती येऊन दख्खन काय त्याच्या हाताला लागलं नाही ते वेगळं.

आग्र्याला तर ह्याच यंत्रणेची फजिती झाली. १६६६ साली शिवाजीमहाराजांच्या मुक्कामाभोवती फौलादखानाचा पहारा, रोज माणूस जागेवर आहे का बघणं, बाहेर जाणारे पेटारे उघडून तपासणं. पहिले काही दिवस कसून तपासले असतील. मग रोजच मिठाई, रोजच फळं, पहारेकऱ्याला कंटाळा आला. आमच्या इथं मॉलच्या दारावरचा सिक्युरिटीवाला ती काळी काठी बॅगेवरनं कशी फिरवतो बघा, नजर मोबाईलमध्ये. ऑगस्टमध्ये महाराज निसटले आणि मग पत्रापत्री सुरू झाली.

आणि महाराज म्हटले की बहिर्जी नाईक आलेच. सुरतेवर जानेवारी १६६४ मध्ये जायच्या आधी तिथली बित्तंबातमी त्यांनी आणली, असं सभासद बखरीपासून सगळे सांगतात. फकीर, वासुदेव, भिल्ल, कुठलंही सोंग घ्यायचे असं लोक सांगतात. समाधी सांगली जिल्ह्यात बाणूरगडावर आहे, सोलापूरहून एका दिवसात जाऊन येता येतं, रस्ता मात्र बेकार. परंपरा त्यांना रामोशी समाजातले मानते. आणि इथं येऊन माझी गाडी दरवेळी अडते. कारण रामोशी म्हणजे गावाची राखण करणारा समाज, किल्ल्यांचे पहारेकरी, जंगलातल्या वाटा माहीत असलेले, स्वराज्याचे कान आणि डोळे. तोच समाज आज सरकारी यादीत विमुक्त जातींत आहे. विमुक्त कशातनं? गुन्हेगार जमातींच्या कायद्यातनं.

म्हणजे जी माणसं फिरतात म्हणून राजांना उपयोगाची होती, तीच माणसं फिरतात म्हणून नव्या सरकारला गुन्हेगार वाटायला लागली. मला ह्या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी उलथापालथ वाटते, जेम्स बाँड गेला खड्ड्यात. कंपनी सरकारनं सुरुवातीला जुने हरकारे, जासूद सगळे वापरले. पण पेशवाई गेल्यावर रामोश्यांचे हक्क गेले, उमाजी नाईकांनी बंड केलं, त्यांना १८३२ मध्ये पुण्यात फाशी दिली. तिकडं त्याच दशकात स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं वाटमाऱ्या ठगांच्या मागं लागून माफीच्या साक्षीदारांच्या जबानीवर वंशावळ्याच्या वंशावळ्या तयार केल्या, कोण कोणाचा मेहुणा, कोण कोणाचा भाचा. त्यातनं एक डोकं तयार झालं की गुन्हा हा रक्तातनं येतो. १८५७ नंतर तर फिरणारा प्रत्येक माणूस संशयित. १८७१ ला कायदा आला आणि अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. १९११ च्या सुधारित कायद्यानं तो आपल्या मुंबई इलाख्याला लागला.

सोलापूरकरांना पुढचं सांगायची गरज नाही खरं तर. सेटलमेंट म्हटलं की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो, पण हे नाव कसलं हे आमच्या पिढीतल्या कितीजणांना माहीत आहे देव जाणे. ही गुन्हेगार जमातींची वसाहत, भोवती काटेरी तारेचं कुंपण. आत कैकाडी, कंजारभाट, पारधी, भामटे अशी कुटुंबंच्या कुटुंबं, आजीपासून तान्ह्या पोरापर्यंत. ठरलेल्या वेळेला हजेरी. बाहेर जायचं तर पास. वेळेत परत आलं नाही तर गुन्हा. कायद्यात तर पोरांना आईबापांपासून वेगळं ठेवायचीसुद्धा सोय होती. आणि गावात मिलांचे भोंगे वाजत होते, मिलांना माणूस पाहिजे होता, आत कोंडलेला माणूस पळून जात नाही आणि पगारासाठी भांडतही नाही, त्यामुळं सुधारणेच्या नावाखाली सगळ्यांचंच भागत होतं. सगळ्यांचंच म्हणजे, कळलं ना कोणाचं. सोलापूरचं गिरणगाव म्हणून कौतुक करताना ही माणसं आपण सोडून देतो, मला वाटतं ते मुद्दामच. मुंबई राज्यानं कायदा १९४९ ला काढला, देशभर ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. १९५९ ला सराईत गुन्हेगारांचा मुंबईचा कायदा आला, त्यात जमातीचं नाव नाही, पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिल्यांदा कोणत्या वस्तीवर जाते हे मी सांगायला नको.

गुन्हेगार जमातींच्या त्या कायद्यात अजून एक कलम होतं, नोंद झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे कधीही घ्यायचं. ठशांची स्टोरीही आपल्याच देशातली. १८५८ साली बंगालमध्ये हर्शेल नावाच्या अधिकाऱ्यानं कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडनं करारावर अख्ख्या पंजाचा ठसा घेतला, नंतर नाकारू नये म्हणून. १८९७ ला कलकत्त्यात जगातलं पहिलं फिंगरप्रिंट ब्यूरो. लाखो ठशांतनं एक शोधायची जी पद्धत जगभर गेली तिचं गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्या दोघा सबइन्स्पेक्टरांनी बसवलं, नाव मात्र त्यांच्या वरच्या हेन्रीसाहेबाचं. लंडनच्या स्कॉटलंड यार्डात ती १९०१ मध्ये गेली. म्हणजे साहेबानं ती आधी आपल्यावर करून बघितली.

आता ह्याच अंगठ्याची रेशन दुकानातली गंमत बघा, गंमत म्हणजे संतापच. सोलापूरच्या पूर्वभागात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात, दिवसाला शेकड्यानं. पान कातरून, तंबाखू भरून, दोऱ्यानं बांधून बोटांच्या रेषा झिजून जातात. मग रेशनच्या मशिनवर अंगठा लागत नाही. पुसा, परत लावा, दुसरं बोट लावा, जरा पाणी लावा, नेट नाही, उद्या या. आमच्याकडं भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या सासूबाई कुंभारीला राहतात, तेलुगू मिसळलेल्या मराठीत त्या मशिनला ज्या शिव्या घालतात त्या इथं लिहिता येत नाहीत. आयुष्यभर हातानं काम केलं म्हणून हात ओळखू येईनात, असं त्यांचं म्हणणं, आणि ह्यावर दुकानदारही गप्प बसतो.

पाळतीमुळं इतिहास लिहायला मदत होते ही अजून एक विचित्र भानगड आहे. १९१६ मध्ये टिळकांनी बेळगाव आणि नगरला होमरूलवर भाषणं केली, ती सीआयडीच्या लोकांनी शॉर्टहँडमध्ये टिपून घेतली आणि त्यावरनं त्यांच्यावर केस झाली. हायकोर्टात जिनांनी वकिली केली आणि टिळक सुटले. पोलिसांनी टिपलं म्हणून ते शब्द इतके नीट राहिले. आपल्या राज्य सरकारनं स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांचे जे जाडजूड खंड छापले, बाबासाहेबांच्या चळवळीवरचाही त्यात आला, ते बऱ्याच प्रमाणात गोपनीय पोलिसी रिपोर्टांतनंच उभे राहिलेत. कुठं सभा झाली, किती लोक होते, कोण काय बोललं. सभेच्या कोपऱ्यात उभा राहून लिहून घेणारा तो साध्या वेशातला माणूस नसता तर कितीतरी सभा कोणाला आठवल्याही नसत्या.

पण हे भाग्य भाषणं करणाऱ्यांचं. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, गोळीबार झाला, पोलीस गाव सोडून गेले, काही दिवस कारभार लोकांच्याच हातात होता, मग १२ तारखेला मार्शल लॉ. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा ह्या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. त्यांच्या नावानं चौक आहे, पुतळे आहेत, दर जानेवारीला हार पडतात, सगळं रास्तच. त्याच सालात त्याच गावात तारेच्या आतही माणसं होती. त्यांचं कोणी शॉर्टहँड घेतलं नाही. त्यांच्याबद्दल लिहायचं काय, तर हजर, गैरहजर, आणि खाली अंगठा. पाळत दोघांवरही होती, पण एकाचे शब्द राहिले आणि दुसऱ्याची नुसती टिकमार्क.

पूर्व जर्मनीच्या श्टासी ह्या गुप्त पोलीस खात्यानं तर टिकमार्कवर भागवलंच नाही. सगळ्यांचंच सगळं लिहिलं. १९८९ ला नव्वद हजारांच्या वर पगारी माणसं, वर दीड लाखापेक्षा जास्त खबरे, फायली एकीला एक खेटून उभ्या लावल्या तर रांग १११ किलोमीटर, म्हणजे सोलापुरातनं निघून टेंभुर्णीच्याही पुढं. १९९२ पासून लोकांना आपापली फाईल बघायला मिळाली आणि कित्येकांना कळलं की खबर देणारा आपला दोस्त होता, काहींचा तर नवरा. आणि एवढं करून बर्लिनची भिंत पडणार हे काय त्यांना कळलं नाही. आपल्याकडं कोणती फाईल कधी बघायला मिळेल माहीत नाही, फोन ऐकायचा अधिकार २०२४ पर्यंत १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या जोरावर चालत आला, आणि खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावं लागलं.

आमच्या जुळे सोलापुरातल्या अपार्टमेंटला मध्यंतरी गेटवर ॲप बसवायचं ठरलं. कामवाल्या बायका, दूधवाला, पार्सलवाली पोरं, सगळ्यांचा फोटो, आत कधी आला, बाहेर कधी गेला, मालकाच्या मोबाईलवर टिंग. मीटिंगमध्ये सगळे खूश. मी म्हटलं मग आपलीही नोंद करा की, मी रात्री किती वाजता येतो तेही येऊ दे ग्रुपवर. तर सेक्रेटरी म्हणाले, "साहेब, आपण काय बाहेरचे आहोत का?" मागनं एकजण हळूच, "रात्रीचं काय करलालास बे, एवढं सांगायला," आणि सगळे हसले, मीही हसलो. मग मी विचारलं हा फोटोंचा डेटा किती दिवस ठेवणार, कोण बघणार, काम सोडून गेलेल्या बाईचा फोटो कधी काढून टाकणार. ह्याचं उत्तर कोणाकडंच नव्हतं. ॲपवाल्या पोराला फोन लावला तर तो आनंदानं म्हणाला, कायमचा राहतो सर, लाइफटाइम, काही टेन्शन नाही. महिन्याच्या वर ठेवायचा नाही असा लेखी ठराव मी दिलाय आणि तो पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर आहे, पार्किंग आणि गळक्या टाकीच्या नंतर. मावशींना विचारलं तुम्हाला हे चालतंय का, तर म्हणाल्या मला विचारलं कोणी, फोटो तर काढून झाला.